गुडघा नव्हताच तो

मी फिजिओ आहे, परळ-लालबागला होम व्हिजिट करते, म्हणजे निम्मा दिवस चाळींचे जिने चढण्यातच जातो. तर ७४ वर्षांच्या एक आजी, जिन्यात पडून मनगट मोडलेलं, प्लास्टर निघाल्यावर माझ्याकडे आल्या. मुलगा म्हणाला गुडघे गेलेत तिचे, म्हणून पडते. मीपण मान डोलावली. मनगटासोबत मांडीचे व्यायाम, खुर्चीतून उठ-बस, एका पायावर उभं राहणं, सगळं करून घेतलं. पाचव्या आठवड्यात आजी परत पडल्या. तोच जिना, तीच शेवटची पायरी. नशीब, मुका मार होता.

मग मी त्यांना घेऊन जिन्यातच गेले (हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं). कठडा धरून मस्त उतरत होत्या, गुडघा कुरकुरला पण नाही, आणि खाली आल्यावर पाय हवेतच थांबला, अंगठ्याने पायरी चाचपायला लागल्या, आंघोळीचं पाणी कढत आहे का बघतात ना तसं. "खाली बघितलं की पायरी हलते गं," म्हणे.

चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा! त्याचा खालचा भाग वाचायचा, हातभर अंतरासाठी, आणि पायरी असते चार-पाच फुटांवर, मग धूसरच दिसणार ना. त्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आणि डावा "दिवाळीनंतर बघू", त्यामुळे पायरी किती खाली आहे याचा अंदाजच येईना. बल्ब मिणमिणता, पायरी राखाडी, खालची फरशीपण राखाडी. चष्म्याच्या दुकानातला पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा तक्ता आजी फडाफडा वाचतात, राखाडीवरचं राखाडी कोण तपासतं?

मुलाला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, बारा हजारांचा चष्मा आहे तो!" विकणाऱ्याने जिन्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

आता चालायला साधा लांबचा चष्मा केलाय, त्यावर आजींची कटकट, दोन-दोन सांभाळू कुठे. नातवाने शेवटच्या दोन पायऱ्यांच्या कडेला पिवळा ऑइलपेंट मारला. बाकीच्या पायऱ्या कमिटीत अडकल्यात, एका काकांना पिवळा रंग आवडत नाही.

माझ्या फॉर्ममध्ये चष्म्याचा रकानाच नव्हता, मी पेनाने आखलाय. रात्री जुने फॉर्म काढून बसले होते. दोघीजणी अशाच परत पडलेल्या सापडल्या, आणि दोघींच्याही कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, गुडघ्याचे व्यायाम वाढवणे.