ओव्हनमध्ये टिकली, फडक्याने तडकली

सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश कॅरव्हॅनची (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराची) पुढची खिडकी आमच्याकडे तीन तुकड्यांत आली. १२०० बाय ५०० मिलिमीटर, एकेरी थराची, ४ मिलिमीटर जाडीची, आडवा बाक असलेली. तशीच नवी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची, बनवायची होती.

तुकडे टेपने जोडून बाक प्लायवुडच्या पाच फळ्यांवर उतरवला. बाक आतल्या बाजूचाच घ्यायचा, नाहीतर जाडीएवढी चूक होते. फळ्यांवर पातळ लवचीक प्लाय, त्यावर ताणून फ्लॅनेल. साचा उंचवट्याचा ठेवला, म्हणजे कापडाचे वण उठलेच तर आतून उठतात.

शीट कास्ट, म्हणजे ओतून बनवलेल्या अ‍ॅक्रिलिकची घेतली. एक्सट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, स्वस्त पडते, पण तापल्यावर एकाच दिशेला जास्त आक्रसते. कास्टही पहिल्यांदा तापताना सुमारे २ टक्के आक्रसते, म्हणजे १२०० ला २४ मिलिमीटर. म्हणून चारी बाजूंनी ४० जास्त ठेवले.

पहिली शीट बुडबुड्यांनी भरली. अ‍ॅक्रिलिक हवेतला ओलावा शोषतं आणि ओव्हनमध्ये त्याची वाफ होते. दुसरी शीट वरची फिल्म काढून ८० अंशांवर २४ तास वाळवली, मग १६५ अंशांवर वीसेक मिनिटं तापवली. चामड्यासारखी लोंबायला लागली की दोघांनी जाड सुती हातमोज्यांनी उचलून साच्यावर टाकायची आणि कडा लाकडी पट्ट्यांनी दाबायच्या. इथे रेंगाळून चालत नाही. वर ब्लँकेट घालून ६० अंशांखाली येऊ द्यायची. घाई केली की बाक उलगडतो.

खिडकी आरशासारखी निघाली. कडा राउटरने (फिरत्या पात्याच्या हातयंत्राने) कापल्या, भोकं पाडली, स्पिरिटच्या फडक्याने पुसली. सकाळी प्रत्येक भोकाभोवती केसासारख्या रेषांचं जाळं! कापताना कडेला ताण अडकून राहतो आणि स्पिरिट लागलं की तिथेच चिरा पडतात. साच्याचा यात काही दोष नव्हता.

तिसरी खिडकी कापून, भोकं पाडून पुन्हा साच्यावर ठेवली. कापताना अडकलेला ताण सुटावा म्हणून ८० अंशांवर पाच तास, मग ओव्हन बंद करून दार न उघडता रात्रभर. पुसायला फक्त साबणाचं पाणी. स्क्रू ५ मिलिमीटरचा, भोक ८ चं, कारण तापमानात ४० अंशांचा फरक पडला की ही खिडकी ३ मिलिमीटरहून जास्त लांब-आखूड होते. भोवतीची पट्टी ईपीडीएम रबराची लावली. मऊ पीव्हीसीतून पाझरणारं प्लॅस्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारं रसायन) अ‍ॅक्रिलिकला त्या स्पिरिटसारखंच चिरतं, फक्त सावकाश.