कॉटनहॅम ते बरवेल: सपाट आहे म्हणून सोपं समजू नका

इंग्लंडात केंब्रिजजवळची, जुन्या आगींसाठी ओळखली जाणारी ही दोन गावं जोडत चालायचा बेत असेल, तर आधी एक ऐका. कॉटनहॅम लोडच्या, म्हणजे गावाजवळच्या पाणी वाहून नेणाऱ्या कालव्याच्या, बांधावरून जाऊ नका. रस्त्याने जा, बसने जा, कुणाच्या सायकलवर डबलसीट जा, पण तो बांध नको. मला मिळालेल्या माहितीपत्रकात 'सपाट, सोपा, सहकुटुंब' असं छापलं होतं. सपाट आहे, एवढं खरं.

आधी जायचं कशासाठी ते सांगतो, कारण बघण्यासारखं असं तिथे फार काही नाही. १६७६ मध्ये कॉटनहॅमला मोठी आग लागली आणि जवळजवळ दोन तृतीयांश गाव गेलं. गवताने शाकारलेली घरं, खेटून गंजी, खेटून गोठे. एकदा वाऱ्याने धरलं की विषय संपला. विमा हा प्रकार त्या काळी खेड्यात कुणाला ठाऊकच नव्हता. लंडनमध्येसुद्धा आगीच्या विम्याची कचेरी १६८० च्या आसपास निघाली. मग घर जळलेल्या माणसाने जायचं कुठे? त्यासाठी होतं 'ब्रीफ', म्हणजे राजाच्या शिक्क्याचं मदतपत्र. नुकसानीचा अंदाज न्यायाधीशांसमोर शपथेवर द्यायचा, तो वर जायचा, परवानगी मिळायची, पत्राच्या हजारो प्रती छापून देशभरातल्या चर्चना धाडल्या जायच्या. रविवारी पाद्रीबुवा ते व्यासपीठावरून वाचणार, चर्चचा वॉर्डन दाराशी थांबून वर्गणी घेणार, नाहीतर घरोघर फिरणार. जमलेली रक्कम त्याच कागदाच्या मागे लिहून, सह्या करून कागद परत. कुठल्या आगीसाठी किती शिलिंग, किती पेन्स, हे कित्येक गावांच्या जुन्या नोंदवह्यांत ओळीने लिहिलेलं सापडतं. कधीही न पाहिलेल्या गावासाठी लोकांनी खिशातून काढलेले ते पैसे. मला कॉटनहॅमला ओढून नेलं ते त्या ओळींनी.

आणि पीप्सने. लंडनचा रोजनिशीवाला सॅम्युअल पीप्स. ३० जून १६६१ च्या रविवारी तो वैतागून लिहितो की चर्चमध्ये आता दर आठवड्याला ब्रीफचा धंदाच सुरू झालाय, म्हणून आम्ही ठरवलं, यापुढे द्यायचं नाही. आता गंमत बघा. पीप्स घराणं मूळचं कॉटनहॅमचं! पंधरा वर्षांनी त्याच्याच पूर्वजांच्या गावासाठी देशभर झोळी फिरली. रोजनिशी त्याने १६६९ मध्येच बंद केली होती, म्हणून सुटला बेटा.

तसा त्याचा वैताग अगदीच खोटा म्हणता येत नाही. कॉटनहॅमची वेळही वाईट होती. १६७५ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्थॅम्प्टन जळालं, १६७६ च्या मेमध्ये लंडनलगतचं साउथवर्क. एवढ्या मोठ्या नावांच्या रांगेत फेनच्या, म्हणजे सखल दलदलीच्या प्रदेशाच्या, काठावरचं एक खेडं. वर्गणी देणाऱ्याचा हात तिसऱ्या वेळी आखडतोच. आपल्याकडे गणपतीत तिसऱ्या मंडळाची पोरं दारात आली की आपण काय करतो?

आता चालण्याचं. बूट, गेटर (बुटावर पायाला बांधायचं आवरण), पावसाळी जाकीट या गोष्टी तुमच्याकडे आहेत आणि दिवसाला वीसेक किलोमीटर पाय चालतात, असं धरून लिहितोय. केंब्रिजहून हिस्टनमार्गे बस थेट कॉटनहॅमला येते. गावाचा मुख्य रस्ता भलताच लांब आहे आणि चर्च पार उत्तर टोकाला, तेव्हा आधी उतरून पाय झिजवू नका. चर्च आगीच्या आधीचं. वादळात पडलेला मनोरा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा बांधला, वर चार फुगीर शिखरं. तेवढं बघा. रस्त्यावरची घरं बहुतेक आगीनंतरची, पुष्कळशी फिकट पिवळ्या विटांची. आगीची खूण शोधत फिरू नका. गाव पुन्हा उभं राहिलं, हीच काय ती खूण. एकोणिसाव्या शतकातही या गावाने मोठ्या आगी सोसल्या.

चर्चच्या पुढे फेन सुरू होतो. इथली जमीन समुद्रसपाटीला टेकलेली, पाणी उपसून शेतीत आणलेली. माहितीपत्रक तुम्हाला लोडच्या बांधावरून उत्तरेला ओल्ड वेस्ट नदीकडे नेतं आणि शेतातल्या गाडीवाटांनी वळवून परत आणतं. मी ऑक्टोबरअखेरीस गेलो, आदल्या रात्री पाऊस झालेला. मराठवाड्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात चालला असाल तर पुढचं सांगायला नको: प्रत्येक पावलागणिक बुटाला शेर-दोन शेर माती, काठीने खरवडायची, दहा पावलांवर पुन्हा तेवढीच. बांधावर गवत गुडघ्याएवढं, त्याखाली खड्डे, पाय मुरगळायला उत्तम सोय. वारा उत्तरेकडून सरळ अंगावर. आडोशाला झाड नाही, कुंपण नाही, टेकायला दगडसुद्धा नाही. सह्याद्रीत चढ संपला की माथा तरी लागतो. इथे तासभर चाला, समोरचं दृश्य तेच, आणि मागे वळून बघा, चर्चचा मनोरा तेवढाच जवळ.

परतीची गाडीवाट जिथे शेतात शिरते तिथे पायवाट नांगरून टाकलेली. नियम असा की शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली तर शेतकऱ्याने दोन आठवड्यांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. ते दोन आठवडे नेमके आपल्या नशिबी. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, कारण समोर नुसती ढेकळं असताना दिशा तोच देतो. थोडक्यात, हा फेरा उन्हाळ्यात कोरड्या आठवड्यानंतर ठीक. एरवी वेळ, बूट आणि तोंडची भाषा तिन्ही खराब होतात.

त्याऐवजी कॉटनहॅमहून लँडबीचमार्गे वॉटरबीच गाठा. रस्त्याकडेचं चालणं आहे, कंटाळवाणं आहे, पण पाय कोरडे राहतात. वॉटरबीचला रेल्वे स्टेशन आहे, म्हणजे पळून जायची सोयही आहे. मी पळालो नाही, टॅक्सी केली, आणि ते जास्त महाग पडलं. चिखलाने माखलेला माणूस बघून चालकाने सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि त्या प्लास्टिकचेही पैसे लावले. इकडच्या खेड्यांत टॅक्सी बोलावताना आकडा फोनवरच ठरवा, आणि 'साफसफाईचे वेगळे का?' हेही विचारा.

पैसे मोजताना मला पुन्हा ब्रीफच आठवलं. तिथेही वाटेतच खाल्ले जायचे. शिक्क्याचे, सहीचे, छपाईचे, मुद्रांकाचे, हमालीचे, गाडीभाड्याचे, कारकुनाचे. अठराव्या शतकात उत्तरेतल्या रेव्हनस्टोनडेलच्या चर्चसाठी असंच पत्र निघालं. दहा हजारांच्या घरात प्रती वाटल्या, ६०० पौंडांच्या वर जमले आणि निम्म्याहून जास्त रक्कम खर्चातच गेली. त्याआधी तर वसुलीचा मक्ताच विकला जायचा. १७०५ च्या कायद्याने त्याला बंदी आली, पण खर्चाची गळती चालूच राहिली. शेवटी १८२८ मध्ये पद्धतच बंद केली. माझं मत विचाराल तर लोकांची दानत आटली नव्हती, मधल्या हातांनी ती आटवली.

वॉटरबीचच्या पुढे क्लेहाइथच्या पुलावरून कॅम नदी ओलांडून लोड गाव, मग रीच. हा दिवस छान गेला, सांगण्यासारखं काही घडलं नाही. रीचपासून डेव्हिल्स डाइक हा जुना मातीचा तट सुरू होतो. कोरडा खडू, उंचावरून वारा, मजा. वेळ असेल तर त्यावर थोडं जाऊन या.

बरवेल मात्र वेगळं. इथे घाई करू नका. ८ सप्टेंबर १७२७ ला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ धान्याच्या कोठारात लागला होता. फुकटे घुसू नयेत म्हणून दार आतून पक्कं बंद केलेलं. शेजारच्या गंजीला आग लागली, ती शाकारलेल्या छपराला भिडली आणि ७८ माणसं आत जळून गेली, त्यात मुलंच फार. सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांचा दगड आहे. पंख असलेलं हृदय, त्यातून निघणाऱ्या ज्वाळा, खाली आकडा आणि तारीख. अक्षरं गवताच्या बाजूला झिजलीत, दुपारचं तिरकं ऊन असेल तेव्हा नीट वाचता येतात. कॉटनहॅममध्ये गाव जळालं आणि वर्गणीतून घरं उभी करता आली. इथे एक कोठार गेलं. शपथेवर नुकसानीचा अंदाज देणारा इथे काय लिहून देणार?

दगडाजवळ मी बराच वेळ होतो आणि त्यामुळे बस चुकली. बरवेलहून केंब्रिजला संध्याकाळच्या बस कमी आहेत आणि रविवारी तर बेतच करू नका. जायच्या आधी परतीची वेळ कागदावर लिहून घ्या, फोनची बॅटरी तोवर थंडीने गेलेली असते. इंग्लंडात २०२५ मध्ये एकेरी बसभाड्याला तीन पौंडांची मर्यादा होती, म्हणजे दिवसभराचा खर्च बसने दहा पौंडांत बसायचा. माझी टॅक्सी त्याच्या कितीतरी पट झाली, प्लास्टिक धरून.