वेंगुर्ला: बंदराकडून बाजाराकडे

वेंगुर्ल्याला येणारे बहुतेक जण सागरेश्वरच्या किनाऱ्यावर फोटो काढतात, मासे जेवतात आणि गोव्याकडे सुटतात. गावासाठी एक सकाळ ठेवा, आणि चालायला सुरुवात बंदरावरून करा. गाव त्याच दिशेने वाढलं. गलबतांतून माल उतरायचा, बाजारात यायचा आणि आंबोलीच्या घाटाने बेळगावकडे चढायचा. वर इंग्रजांच्या छावण्या होत्या, त्यांची रसदही याच वाटेने जायची. पुढे १८८८च्या सुमारास गोव्यातलं मुरगावचं बंदर रेल्वेने देशाशी जोडलं गेलं आणि इथला व्यापार तिकडे वळला. आज बंदरावर मच्छीमारांच्या होड्या, जाळी आणि मांजरं. डोंगरीवर चढलात की अख्खा उपसागर दिसतो. ऊन चढायच्या आत जा.

त्याच्याही आधीची गोष्ट डचांची. १६३७-३८च्या सुमारास त्यांनी इथे वखार घातली. गोवा पोर्तुगिजांचं, आणि डच दर मोसमात मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसायचे. त्या जहाजांना तांदूळ, पाणी, ताजं अन्न लागायचं, ते वेंगुर्ला पुरवायचं. शिधा विकणाऱ्या गावाच्या नशिबी जाळपोळही आलीच. १६६४मध्ये शिवाजी महाराजांविरुद्ध इथे उठाव झाला, तेव्हा गाव जाळलं गेलं. १६७५मध्ये मोगलांनी पुन्हा आग लावली. १६९६मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांनी डच प्रमुखाला भेटण्याच्या मिषाने शिरून वखारच लुटली. १८१२मध्ये सावंतवाडीकरांकडून गाव इंग्रजांकडे गेलं.

वखार बघायची असेल तर लांब पँट आणि बूट घाला. मी गेले तेव्हा आत रान माजलेलं होतं. छप्पर नाही, जांभ्या दगडाच्या जाडजूड भिंती तेवढ्या उभ्या. पाटी वाचून काही कळेल या भरवशावर राहू नका, वरचा इतिहास डोक्यात ठेवूनच जा. नाहीतर पडका वाडा बघून आल्यासारखं वाटेल. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये.

खरा वेळ द्यायचा तो बाजाराला. इंग्रजी अमदानीतलं मार्केट आहे, त्याचं नाव चक्क क्रॉफर्ड मार्केट! आजूबाजूच्या रस्त्यावर सुकी मासळी, उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं म्हणजे सुकवलेली कोकमं, आगळ म्हणजे कोकमाचा रस, आणि माशांच्या कालवणातला मसाला, तिरफळं. मासळीकडे गेलात की वजनाचं विसरा, वाटे असतात. एका काकींनी बांगड्यांचा वाटा पुढे सरकवला आणि मी जरा घुटमळले, तर म्हणाल्या, "डोळे बघ गो बाय, ताजो आसा!" डोळे खरंच काचेसारखे होते. कल्ला उचलून लालभडक आहे का तेही बघून घ्या, कोणी रागावत नाही. घासाघीस थोडी चालते, पण आधी दोन-तीन ठिकाणी विचारा आणि मगच तोंड उघडा. राहत्या घरी कोणी करून देणार असेल तर बांगड्याबरोबर तिरफळंही घ्या, त्याशिवाय बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे तिखट कालवणाला, अर्थ नाही.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर ओले काजूगर मिळतात. महाग असतात, पण सोलणाऱ्याची बोटं चिकाने कशी होतात ते एकदा पाहिलंत की भाव करायची इच्छा मरते. सुके काजू फोडलेले, भाजलेले, सालीसकट असे बरेच प्रकार. सालीचे घ्या, टिकतात. आगळ बाटलीत भरून देतात, तिला दोन पिशव्या घाला, डाग जात नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशांच्या आशेवर येऊ नका. सुक्या मासळीची बेगमी मात्र त्याच्या आधी, मे महिन्यात बघण्यासारखी असते.

यायला कोकण रेल्वेचं कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशन, तिथून एसटी. रिक्षा करणार असाल तर बसण्याआधी भाडं ठरवा. दुपारी बाजार पेंगतो, कित्येक दुकानं बंद असतात. तो वेळ जवळच्या शिरोडा गावात घालवा. १९३०च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, आणि मिठागरं रस्त्यावरूनच दिसतात. परतीच्या एसटीची वेळ मात्र सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा, संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात.