आपोआप उमललेलं कमळ

रविवार, १३ जुलै

आज आईला केनिलवर्थला नेलं. वॉशिंग्टनमध्येच, अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या काठाला, कमळांची आणि कुमुदांची तळी आहेत. तिकीट नाही. गेल्या वर्षी आम्ही दुपारी दोनला पोचलो होतो आणि सगळी फुलं मिटलेली होती. त्यामुळे आज आईला सहालाच उठवलं, थर्मासमध्ये चहा भरला आणि निघालो.

आई मिरजेची. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी एक कमळ आणायचंच, हा आमच्या घरचा रिवाज. बाजारातून येते ती घट्ट कळी, आणि ती घरी कधीच उमलत नाही. मग आई पाटावर बसून एकेक पाकळी बोटानं बाहेर दुमडते आणि त्या कळीचं फूल करते. मला वाटायचं, कमळ असंच असतं.

आज पहिल्याच तळ्याशी आई थांबली ती हललीच नाही. तिच्या खांद्याएवढ्या उंच देठावर एक गुलाबी कमळ पूर्ण उघडलेलं होतं. मधलं पिवळं चाक, भोवती केसरांची झालर, आणि त्यात एक मधमाशी अगदी लोळत होती. “अगं, हे कुणी उघडलं?” आई म्हणाली. मग स्वतःच गप्प झाली.

तिला सांगितलं, कमळ पहिल्या दिवशी पेल्याएवढंच उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. दुसऱ्या दिवशी पूर्ण उमलतं आणि चौथ्या दिवसापर्यंत पाकळ्या गळून जातात. उमलताना फूल स्वतः गरम होतं, हे मी वाचलं होतं. बाहेर दहा अंश असले तरी फुलाच्या आत तीस ते छत्तीस. आई म्हणाली, “म्हणजे अंगात ताप असल्यासारखंच की.”

कमळ आणि कुमुद यांतला फरक आम्ही दोघींनी आज प्रथमच समोरासमोर पाहिला. बाजारात दोन्हींना सरसकट कमळच म्हणतात. कुमुदाचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. कमळाचं पान मात्र अखंड, गोल, पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं. आईनं बाटलीतलं थोडं पाणी एका पानावर ओतलं. त्याचे पाऱ्यासारखे मणी झाले, मध्यभागी धावत जाऊन एक झाले. “अळवावरचं पाणी!” ती म्हणाली. खरंच तेच. दोन्ही पानांवर डोळ्यांना न दिसणारे मेणचट उंचवटे असतात, पाणी त्यांच्या टोकांवरच उभं राहतं. परसातल्या अळवाच्या पानांवर लहानपणी आम्ही तासन्‌तास हाच खेळ खेळलोय.

देठ आतून पोकळ असतात. पानानं घेतलेली हवा त्या नळ्यांमधून खाली चिखलातल्या कंदापर्यंत जाते. कोरियन दुकानातून आणलेल्या कमळकाकडीच्या चकत्यांना जी भोकं दिसतात, ती याच वाटा. भाजी करताना हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ही तळी लावली वॉल्टर शॉ नावाच्या माणसानं, १८८० च्या दशकात. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याचा एक हात गेला होता. इथे सरकारी कचेरीत कारकुनी करताना त्यानं आपल्या मेन राज्यातून कुमुदं मागवून लावली. पुढे त्याच्या मुलीनं, हेलन फाउलरनं, देशोदेशींची रोपं आणून ती वाढवली. नदीतला गाळ उपसण्याच्या कामात ही तळी जायची होती, पण १९३८ साली सरकारनं ती विकत घेतली आणि ती वाचली. इथल्या काही कमळांचं मूळ तर मांचुरियातल्या एका सुकलेल्या तळ्यात सापडलेल्या, शेकडो वर्षं जुन्या बियांमध्ये आहे. बीचं कवच इतकं टणक की कानस घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. शॉचं ऐकून आई एवढंच म्हणाली, “गावाकडचंच रोप मागवलं बघ त्यानं.” तिनं यंदा बॅगेतून माझ्यासाठी कढीपत्त्याच्या बिया आणल्या होत्या, त्या विमानतळावर काढून घेतल्या. तिला अजून त्याचं वाईट वाटतं.

साडेदहानंतर ऊन असह्य झालं आणि डासही. एका पानावर गळलेली पाकळी होडीसारखी पडली होती, तिच्यात चमचाभर पाणी. आईनं ती फक्त बोटानं हलवली. इथे काही उचलायची परवानगी नाही. शेजारी पाकळ्या झडलेलं बोंड उभं होतं, झारीच्या तोंडासारखं, प्रत्येक भोकात एक हिरवी बी.

घरी येऊन आईनं मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मिरजेत तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सगळं सांगून झालं, फोटो पाठवून झाले. मावशीनं विचारलं, “वास कसा गं असतो? आपल्या कळीला तर येतच नाही.”

आई जरा वेळ थांबली. “बडीशेपेसारखा,” ती म्हणाली, “पण गार.”