उलटी वाचायची वही

शनिवार, १ नोव्हेंबर

गाडी आली. नवले पुलाच्या गर्दीच्या आधीच निघ, असं टोइंगवाल्याला सांगितलं होतं. त्याने नऱ्ह्याच्या शेडपर्यंत आणून सोडली तेव्हा सात वाजले होते आणि टपावर दव होतं. मारुती ८००, पांढरी, बिनाएसीची. सदाशिव पेठेतल्या एका बोळात चार पावसाळे उभी होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका गंजलाय की खालची जमीन दिसते. पण इंजिन जिवंत आहे. मालक आजोबा दर रविवारी खाली उतरून दहा मिनिटं ते चालू ठेवायचे. चावी देताना म्हणाले, "हिचं काही वाया घालवू नका हं." मी हो म्हटलं, आणि तो शब्द मला पाळायचा आहे.

हिच्यातून माझी गाडी उभी राहणार आहे. दोन सीट, पाइपची फ्रेम, फायबरची बॉडी आणि इंजिन पाठीमागे. ८००च का, असं ऑफिसात सगळे विचारतात. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ हॉर्सपॉवर. आकडे लहान आहेत, पण अख्खी गाडीच साडेसहाशे किलोच्या आसपास आणि माझी त्याहून हलकी असेल. शिवाय इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल असा सगळा ऐवज पुढच्या दोन चाकांमध्ये आडवा, एकाच गठ्ठ्यात बसवलेला आहे. तो गठ्ठा जसाच्या तसा उचलून सीटमागे ठेवायचा, की झाली मागची चाकं ओढती. फक्त त्याचं तोंड फिरवायचं नाही. फिरवलं तर रिव्हर्सला चार गिअर मिळतात आणि पुढे जायला एक! आणि ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे नाना पेठेत हिचा कुठलाही बुश, कुठलंही सील मागा, दुकानदार मान वर न करता काढून देतो.

कागदांचं काम आधी उरकलं. गाडी कायमची वापरातून गेली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५५. आजोबांना घेऊन संगम पुलाजवळच्या ऑफिसात दोन चकरा झाल्या.

माझी गाडी रस्त्यावर येणार नाही, हे मला माहीत आहे. कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं काही करायला कलम ५२ आड येतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मी ती ट्रेलरवर घालून बंद ट्रॅकवर नेईन, नाहीतर मामाच्या शेताच्या रस्त्यावर चालवीन. पण मनात एक गोष्ट आहे ती लिहितेच. ब्रिटनमध्ये एकट्या माणसाने घरी बांधलेल्या एका गाडीची तपासणी करून तिला नंबर देतात. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय १९६६ पासून आहे. गाड्या तपासणारी एवढी मोठी संस्था ज्या गावात आहे, त्या गावात तरी ही सोय व्हावी असं फार वाटतं.

रविवार, २ नोव्हेंबर

सॉकेट सेट उघडून बसले होते. मामा आला, त्याने सेट बंद केला आणि टेप पुढे केली. "आज पाना नाही. आज फक्त माप."

मामाचं तीस वर्षं गॅरेज होतं. त्याच्या बोलण्यात खोलणं आणि तोडणं हे दोन वेगळे धंदे आहेत. भंगारवाला तोडतो, मिस्त्री खोलतो. तोडणाऱ्याला वजन हवं असतं. खोलणाऱ्याला वस्तू कुठे होती, कशाला टेकून होती, किती घट्ट होती हे हवं असतं.

मग दिवसभर माप. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २१७५ मिलिमीटर, म्हणजे कंपनीचा आकडा. दोन्ही बाजूंना तोच आला, याचा अर्थ गाडी कधी जोरात ठोकलेली नाही. इंजिन किती कललेलं आहे ते स्पिरिट लेव्हलने. रेडिएटरचं तोंड इंजिनच्या किती वर. सगळं दोनशेपानी वहीत.

लोटस सेव्हन १९५७ साली आली तेव्हा इंग्लंडात तयार गाडीवर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट एकच, जोडणीच्या सूचना सोबत द्यायच्या नाहीत. म्हणून कंपनी गाडी खोलण्याच्या सूचना द्यायची, असं सांगतात. घेणारा त्या शेवटापासून वाचायचा. ही गोष्ट मला फार आवडते. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं: शेवटच्या पानापासून वाचावे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज वायरिंग. सकाळी आठला सुरुवात केली ती दिवेलागणीपर्यंत.

बहुतेक जण इथेच घाई करतात. डॅशबोर्ड निघाला की आत वायरींचा गुंता दिसतो, कटर हातात असतो, आणि वाटतं की नंतर नवं वायरिंग करू. मी अशा दोन गाड्या पाहिल्यात. दोन्ही अजून उभ्याच आहेत.

मी एकही वायर कापली नाही. सीट, कार्पेट, डॅशबोर्ड काढला आणि अख्खं जाळं एकेका कनेक्टरने सोडवत बाहेर घेतलं. प्लास्टिकचे कनेक्टर म्हातारे झालेले असतात. कडी अंगठ्याने दाबून थांबायचं आणि वायरीला न ओढता टोपण ओढायचं. थंडीत ते कडक होतात, म्हणून केस वाळवायचं मशीन घरून आणलं होतं. दोन मिनिटं ऊब दिली की कडी नरमते. मास्किंग टेपवरचं पेन ऑइलच्या हाताने पुसतं, हे आधीच्या अनुभवावरून माहीत होतं. म्हणून पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून त्यांवर पंचाने आकडे ठोकले आणि बारीक तारेने बांधले. एकूण ६४ टॅग. वहीत प्रत्येकासमोर: कुठून, कुठे, रंग कोणता. काळ्यावर पांढरी रेघ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट. ती वायर किती ठिकाणी पोचते ते बोटाने मागोवा घेत बघितलं तेव्हा सबंध गाडी डोळ्यांपुढे उभी राहिली.

अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, वायरी मी वेगळ्या पानावर लिहिल्या. मूळ गाडीत करंट परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून. दिवा असो की पंखा, जवळच्या बोल्टला एक काळी वायर लावली की काम झालं. माझ्या गाडीची बॉडी फायबरची. तिच्यातून करंट परत येणार नाही. म्हणजे पत्रा आजवर गुपचूप जे काम करत होता ते आता मला वायर टाकून करायचं आहे. असा एकेक बोल्ट शोधून काढला, घासला, त्याला लाल रंगाचा ठिपका दिला.

शेवटी सगळं जाळं जमिनीवर पसरलं तेव्हा ते गाडीच्या आकाराचं दिसत होतं. पुढे दोन दिवे, मागे दोन दिवे, मध्ये कणा. मामा बराच वेळ तिथे उकिडवा बसून होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

पेट्रोल, ऑइल, कूलंट काढलं. ऑइल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे दिलं, तो पुढे रिसायकलवाल्याला देतो. बाकी दिवस घरी. लेकीची परीक्षा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अ‍ॅक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. गाडी उचलल्यावर चाक नुसतं फिरत राहतं. स्प्लिट पिन काढली, मी ब्रेकवर उभी राहिले, मामाने पान्याला चार फुटी पाइप लावला. कट् असा आवाज आला. मला वाटलं काही तुटलं. मामा म्हणाला, "सुटला गं."

मग घोडीवर गाडी, चाकं बाहेर. चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचा डावा बोल्ट जाम होता. रात्रभर गंजतेल लावून ठेवलं होतं तरी हलेना. इथे मी चूक केली. जोर वाढवला, आणि डोकं तुटून हातात आलं. बोल्टचा उरलेला भाग आतल्या नळीला धरून बसलेला. तीन तास गेले. गॅसने तापवायचं, थंड होऊ द्यायचं, पंचाने ठोकायचं, परत तापवायचं. आधीच तापवलं असतं तर हे झालं नसतं. मामा काही बोलला नाही, उजव्या बाजूचा बोल्ट त्याने पहिल्यापासून तापवून घेतला.

पण आज खरं लिहायचंय ते वेगळंच. स्ट्रट (शॉकअपचा उभा खांब) जिथे नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) दोन बोल्टांनी धरतो, तिथला चिखल ब्रशने घासताना दोन ठिपके दिसले. एक स्ट्रटच्या पत्र्यावर, एक नकलवर, समोरासमोर. सेंटर पंचाने ठोकलेले. कधीतरी कुण्या मिस्त्रीने शॉकअप बदलताना, चाकाचा कल बिघडू नये म्हणून, खोलण्याआधी खूण केली होती. हजार रुपयांच्या कामात कोणी विचारणार नव्हतं. तरी त्याने केली. उजव्या बाजूला पाहिलं, तिथेही होती. मी दोन्हीचं माप वहीत घेतलं आणि त्याच खुणांवर बोट ठेवून बोल्ट सोडले.

मामाची आणखी एक सवय आता माझ्या हातात बसलीय. भाग निघाला की त्याचे बोल्ट, वायसरसकट, परत त्याच्याच आट्यात दोन फेरे लावून ठेवायचे. डब्यात टाकायचे नाहीत.

रात्री ११

वही चाळताना लक्षात आलं. ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा, किती कलात चालतो ते मी आज दुपारी मोजलं. गाडी घोडीवर असताना. चाकं लोंबत होती! ते माप चुकीचं आहे. उद्या इंजिन उतरवायचं ठरलंय. इंजिन निघालं की खरं माप पुन्हा कधीच मिळणार नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी सहाला मामाला फोन केला. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मग जोडू परत. त्यात काय."

काल सोडवलेलं सगळं परत लावलं. आर्म, स्ट्रट, शाफ्ट, चाकं. त्या दोन ठिपक्यांवर स्ट्रट बसला तेव्हा मला त्या अनोळखी मिस्त्रीचे मनापासून आभार मानावेसे वाटले. गाडी जमिनीवर आणली, पुढे ढकलली, मागे ढकलली, म्हणजे सस्पेन्शन नीट बसतं. सीटच्या जागी माणसाएवढं वजन म्हणून वाळूची पोती ठेवली. मग मी चटई टाकून खाली सरकले.

लोंबत्या चाकाला शाफ्टचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा ८५ मिलिमीटर खाली होतं. भार आल्यावर १८. एवढा फरक. कालच्या मापावर मी फ्रेम वेल्ड केली असती तर सांधा कायम वाकून चालला असता, रबराचं बूट फाटलं असतं, ग्रीस उडालं असतं, आणि कुठे चुकलं ते मला कधी कळलं नसतं. ८००चे दोन शाफ्ट सारखे नसतात, एक लांब एक आखूड, म्हणून दोन्ही बाजूंचं वेगळं माप घेतलं.

अर्धा दिवस गेला. इंजिन पुढच्या आठवड्यावर ढकललं. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

शेडच्या गर्डरला चेन ब्लॉक. बॉनेट आधीच निघालं होतं. गठ्ठा वर यायला लागला तेव्हा मी गिअरबॉक्सवर हात ठेवून त्याला वाट दाखवत होते आणि मामा साखळी ओढत होता, चार कड्या, थांब, चार कड्या, थांब. क्लच केबल राहिली होती, ती वेळेवर दिसली. पावणेबाराला इंजिन हवेत. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यांची पोरं वेल्डिंग थांबवून बघायला आली आणि कुणीतरी न सांगता सगळ्यांना चहा आणला.

काट्यावर गिअरबॉक्ससकट ९७ किलो भरलं.

पुढची नकल आता मागे जाणार, तर स्टिअरिंगचा जो हात चाक वळवायचा तो फ्रेमला पक्का बांधावा लागेल, नाहीतर मागची चाकं आपल्या मनाने वळतील. गिअरच्या दांड्यांऐवजी केबल. रेडिएटर पुढेच ठेवायचा तर लांब पाइप, आणि त्यांत अडकणारी हवा काढायला सगळ्यात उंच जागी नळ. आज रात्री हे सगळं वहीत काढून ठेवलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

सांगाडा गेला. काच, दारं, सीट, टायर ज्यांना हवं होतं त्यांना दिलं. डावं दार खराडीच्या एका रिक्षावाल्या दादांच्या ८००ला लागलं. आजोबांना फोन करून सांगितलं, ते नुसतं "बरं झालं, बरं झालं" म्हणाले.

दुपारी इंजिन लाकडी ठोकळ्यांवर बोल्टने पक्कं केलं. जमिनीवर वायरिंगचं जाळं, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), बॅटरी, कॅनमध्ये फ्युएल पंप, बादलीच्या उंचीवर रेडिएटर. वही शेवटच्या पानावरून उलगडली आणि टॅग उलट्या क्रमाने जोडत आलो. ६४, ६३, ६२. चावी फिरवली. पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला. स्टार्टरने इंजिन फिरवलं. पेटलं नाही. पुन्हा. नाही.

मामाने प्लगकडे हात नेला. मी अर्थचं पान उघडलं. लाल ठिपक्यांच्या यादीत एकासमोर खूण नव्हती: इनटेक मॅनिफोल्डजवळचा बोल्ट, काळी वायर, टॅग ३७. वायर ठोकळ्याच्या मागे लोंबत होती. तिच्या टोकाची कडी घासून बोल्टला लावली.

पहिल्याच फेऱ्यात पेटलं. तीन सिलिंडरचा तो किंचित अडखळता, थरथरता आवाज पत्र्याच्या शेडमध्ये घुमला. मामाने दोन्ही हात इंजिनच्या बाजूला, गरम होऊ लागलेल्या हवेत, शेकोटीवर धरावेत तसे धरले. कूलंटमध्ये बुडबुडे यायला लागले तसं मी बंद केलं.

६ वाजून १० मिनिटं, अशी नोंद केली. फ्रेमचे पाइप गुरुवारी येणार आहेत.