नदालचा शेवटचा सामना आणि आमचं क्रीडापान

19 नोव्हेंबर 2024. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान, त्यामुळे पहिल्या पानापासून आतपर्यंत सगळीकडे मतदारसंघच मतदारसंघ. क्रीडापानावर पर्थ कसोटीने आधीच निम्मी जागा अडवलेली. त्याच रात्री स्पेनमधल्या मालागा शहरात टेनिसपटू राफेल नदाल कोर्टवर उतरणार होता आणि क्रीडा डेस्कवर आम्हा उपसंपादकांपुढे पेच होता. निवृत्तीचं पान तयार होतं, पण माणूस त्या रात्री निवृत्त होतोय की नाही, हे अंक छापखान्यात जाईपर्यंत कळणारच नव्हतं.

कारण डेव्हिस चषक या देशादेशांमधल्या टेनिस स्पर्धेचं स्वरूप. स्पेन विरुद्ध नेदरलँड्स ही उपांत्यपूर्व लढत दोन एकेरी आणि एक दुहेरी अशी होती. ही आपली शेवटची स्पर्धा, असं नदालने 10 ऑक्टोबरलाच जाहीर केलं होतं. म्हणजे तो स्वतः हरला तरी स्पेन जिंकला, तर कारकीर्द उपांत्य फेरीपर्यंत लांबणार. लढत तिकडे संध्याकाळी पाचला, आपल्याकडे रात्री साडेनऊला. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती अकराच्या आत सोडायची, शहर आवृत्तीला एकपर्यंत मुभा.

अशा वेळी कारकिर्दीची चौकट आधी लावून ठेवतात आणि रात्री बदलू शकतील तेवढेच आकडे लाल करतात. आमच्या चौकटीत असे दोनच आकडे होते: एकूण एकेरी 1080 विजय, 227 पराभव, आणि डेव्हिस चषकातल्या एकेरीत 29 विजय, 1 पराभव. हा एकमेव पराभव 2004 मधला, पदार्पणातला, चेक प्रजासत्ताकाच्या यिरी नोव्हाककडून. त्यानंतर वीस वर्षं तो या स्पर्धेत एकेरीत हरला नव्हता.

बाकीचे आकडे स्थिर, पण गफलत तिथेच होते. फ्रेंच ओपनचं 112-4, म्हणजे 112 विजय आणि 4 पराभव, घ्या. 14 विजेतेपदं सगळ्यांना पाठ असतात, पण 112 बरोबर आहे का, हे जोडूनच पाहावं लागतं. 14 वेळा प्रत्येकी सात सामने, झाले 98. 2009 मध्ये सोडरलिंगकडून चौथ्या फेरीत हार, म्हणजे आधीचे 3 विजय. 2015 मध्ये जोकोविचने उपांत्यपूर्व फेरीत हरवलं, 4 विजय. 2021 मध्ये पुन्हा जोकोविच, या वेळी उपांत्य फेरीत, 5 विजय. 2024 मध्ये पहिल्याच फेरीत झ्वेरेव्ह, शून्य. बेरीज 110. उरलेले दोन 2016 मधले: दोन सामने जिंकून मनगटाच्या दुखापतीमुळे त्याने तिसऱ्या फेरीआधी माघार घेतली. न खेळलेला सामना पराभवात धरत नाहीत. म्हणून पराभव चारच, पण विजेतेपदाविना परतला तो पाच वेळा. एजन्सीच्या कॉपीत ‘पॅरिसमध्ये चारदाच अपयशी’ असं वाक्य आलं, तर ते तिथेच थांबवायचं.

सलग 912 आठवडे जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत, या आकड्याने त्या रात्री सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. 25 एप्रिल 2005 ते 20 मार्च 2023 एवढा काळ कॅलेंडरवर मोजला तर 934 आठवडे भरतात. आमच्या एका सहकाऱ्याने तेच उत्तर काढलं आणि आकडा चुकलाय म्हणून आग्रह धरला. त्याचं गणित चोख होतं. फक्त 2020 मध्ये कोविडमुळे क्रमवारी 22 आठवडे गोठवली होती आणि ते आठवडे एटीपी, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना, मोजत नाही. 934 वजा 22, बरोबर 912.

नदालच्या नावावर डेव्हिस चषक चार की पाच? दोन्ही उत्तरं छापून येतात. स्पेनने जिंकलेल्या 2004, 2009, 2011 आणि 2019 च्या अंतिम लढतींत तो खेळला. 2008 लाही स्पेन जिंकला, तेव्हा तो गुडघ्यामुळे अंतिम लढतीला मुकला, पण त्याआधी माद्रिदमधल्या उपांत्य लढतीत अमेरिकेविरुद्ध एकेरीचे दोन्ही सामने त्याने जिंकून दिले होते. आम्ही पाच धरले आणि माझ्या मते तेच न्याय्य आहे. एकेरीच्या 92 विजेतेपदांतही असाच खाचखळगा: 2008 चं बीजिंगचं एकेरीचं ऑलिम्पिक सुवर्ण त्यात आहे, 2016 चं मार्क लोपेझसोबतचं दुहेरीचं नाही.

जागा कमी पडली की पहिला बळी दुखापतींच्या चौकटीचा जातो. ती कापू नये म्हणून मी हट्ट धरला. डाव्या पावलातल्या नॅव्हिक्युलर नावाच्या लहान हाडाचा म्युलर-वाइस हा विकार 2005 च्या अखेरीपासून त्याच्यामागे होता. हाड झिजतं, वेदना कायमची राहते आणि पूर्ण बरं करणारा उपाय नाही. बुटात खास इनसोल घालून पावलावरचा भार हलवला, तर ताण गुडघ्यांवर गेला. 2009 ला गतविजेता असूनही विम्बल्डन सोडावं लागलं ते गुडघ्यांमुळेच. 2022 चं फ्रेंच ओपन त्याने पावलाची नस इंजेक्शनने बधिर करून जिंकलं. 22 ग्रँडस्लॅम नुसते मोजले तर हे काहीच दिसत नाही. 912 आठवड्यांचं मोलही या चौकटीशेजारी ठेवल्यावरच कळतं. शेवटी पर्थच्या खेळपट्टीची बातमी दोन परिच्छेदांनी छाटली आणि चौकट राहिली.

मध्यरात्रीच्या आसपास निकाल आला: बोटिक व्हान डी झँडशुल्पकडून 4-6, 4-6. लाल आकडे बदलले: 1080-228 आणि 29-2. पहिला सामना हरलो होतो, शेवटचाही हरलो, वर्तुळ पूर्ण झालं, असं नदाल नंतर म्हणाला. आम्हाला मात्र ‘शेवटचा’ हा शब्द तेव्हा वापरता येत नव्हता. स्पेनचा अल्कराझ आणि नेदरलँड्सचा ग्रीकस्पूर यांचा दुसरा एकेरी सामना चालू असतानाच शहर आवृत्ती सुटली. मथळा गेला: ‘नदाल पराभूत, स्पेनची मदार अल्कराझवर’. कारकिर्दीचं पान राखून ठेवलं.

अल्कराझने 7-6, 6-3 अशी बरोबरी साधली. दुहेरीत तो आणि ग्रानोयेर्स दोन्ही सेट टायब्रेकमध्ये हरले आणि स्पेन बाहेर पडला. निरोप समारंभ मालागात मध्यरात्रीच्या सुमारास झाला, म्हणजे आपल्याकडे पहाट होत आलेली.

21 च्या अंकात मतदानाची टक्केवारी आणि एक्झिट पोल यांच्या गर्दीतही अर्धं पान मिळालं. खाली पट्टीत भारताशी जोडलेली आठवण घेतली. चेन्नईत 2004 ला नदालने टॉमी रोब्रेडोसोबत दुहेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. 2008 ला तिथेच उपांत्य फेरीत कार्लोस मोयाचे मॅच पॉइंट वाचवत, तीन टायब्रेक खेळून, जवळपास चार तासांनी तो जिंकला आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसताना युझनीकडून 0-6, 1-6 असा हरला. हाच मोया पुढे त्याचा प्रशिक्षक झाला, आणि हीच स्पर्धा 2018 ला पुण्यात बालेवाडीला आली आणि 2023 पर्यंत तिथे राहिली. पुण्याच्या आवृत्तीत ही पट्टी वर घेतली.