ऑडिटची पीडीएफ कोणी वाचत नाही, टिकेट लिहायला शिका

आमच्या एसइओच्या, म्हणजे साईट गुगलवर वर आणायच्या, धंद्यात एक सवय अगदी मुरलीये. क्लायंटची साईट टूलमध्ये टाकायची, सगळे एरर एक्सपोर्ट करायचे, लाल पिवळे हिरवे रंग भरून जाडजूड पीडीएफ बनवायची आणि मेल करून मोकळं व्हायचं. मग काही महिन्यांनी विचारायचं काय झालं, तर ढिम्म काही हललेलं नसतं. मग "डेव्हलपर लोकांना एसइओ कळतच नाही" म्हणून एकमेकांकडे रडगाणं. मला विचाराल तर त्यांना कळायची गरजच नाहीये, आपल्याला त्यांचं काम कसं चालतं ते कळत नाही ही खरी गोम आहे. एजन्सी सोडून प्रॉडक्ट टीममध्ये बसायला लागल्यापासून माझं हे मत जास्तच पक्कं झालंय.

टिकेटचंच घ्या, म्हणजे डेव्हलपरला काम सांगणारी नोंद. "कॅनॉनिकल दुरुस्त करणे" (कॅनॉनिकल म्हणजे सारख्या पेजेसपैकी मुख्य कोणतं हे गुगलला सांगणारा टॅग) एवढंच लिहिलं तर डेव्हलपर ते उघडणार, कपाळाला हात लावणार आणि बॅकलॉगच्या, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीच्या, तळाशी ढकलणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्याला हवं असतं ते असं: कॅटेगरीच्या पेजवर युआरएलमध्ये सॉर्टचा पॅरामीटर असेल तर कॅनॉनिकल त्या पॅरामीटरशिवायच्या युआरएलला जावा, तो सर्व्हरकडून येणाऱ्या एचटीएमएलमध्येच असावा, जावास्क्रिप्टने मागून घातलेला नको, पान २, पान ३ यांचा कॅनॉनिकल मात्र ज्याचा त्यालाच, आणि क्यूएने (काम तपासणाऱ्या टीमने) या या चार युआरएलवर तपासावं. एवढं लिहिलं की काम अर्धं झालं. हे लिहायला वेळ लागतो, डोकं लागतं, आणि बऱ्याचदा लिहिता लिहिताच लक्षात येतं की अरे आपल्यालाच नक्की काय पाहिजे ते माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे इंजिनिअर माणूस युआरएल मोजत नाही, टेम्प्लेट मोजतो, म्हणजे ज्या एका साच्यातून अनेक पेजेस बनतात तो. समजा कपड्यांच्या एका कॅटेगरीला १२ रंग, ८ साईज, ६ किमतीचे गट आणि ४ प्रकारचं सॉर्टिंग आहे, तर गुणाकार करा, २,३०४ युआरएल झाले, एकाच कॅटेगरीचे. टूल म्हणणार २,३०४ डुप्लिकेट पेजेस आणि आपण घाबरून ती सगळी एक्सेल शीट टीमला पाठवणार. अहो, तिथे चूक एकच आहे, फिल्टरच्या लिंका बनवणारा एक कंपोनंट, म्हणजे कोडचा तुकडा. तो कोणता हे विचारायला डेव्हलपरच्या शेजारी जाऊन बसा, चहा घेऊन जा हवं तर.

आणि क्रम! इंजिनिअर लोक आधी काय नंतर काय हे फार बघतात, आपण बघत नाही. ही फिल्टरची पेजेस इंडेक्समधून (गुगलच्या यादीतून) काढायची म्हणून कितीतरी ऑडिटमध्ये "नोइंडेक्स लावा आणि रोबोट्स फाईलमध्ये ब्लॉक पण करा" असं एका दमात लिहिलेलं असतं. नोइंडेक्स म्हणजे पेजवरच दिलेली "यादीत घेऊ नका" ही सूचना, आणि रोबोट्स फाईल म्हणजे गुगलबॉटला (पेजेस वाचत फिरणाऱ्या गुगलच्या प्रोग्रॅमला) कुठे जायचं नाही ते सांगणारी फाईल. आता ब्लॉक केलं तर गुगलबॉट पेज उघडणारच नाही, उघडलं नाही तर नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? आधी नोइंडेक्स, पेजेस गेली की मग ब्लॉक. रोबोट्स फाईलमध्येच नोइंडेक्स लिहायची जुनी युक्ती तर गुगलने १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केली, तरी अजून कोणाकोणाच्या फाईलमध्ये ती ओळ सुखाने नांदतेय.

प्रॉडक्ट मॅनेजरकडून (पीएम) मात्र वेगळीच गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे नाही म्हणणं. कोअर वेब व्हायटल्स, म्हणजे पेजच्या अनुभवाची गुगलची मोजमापं, यांची चांगली मर्यादा एलसीपीला (पेजवरचा सगळ्यात मोठा भाग दिसायचा वेळ) २.५ सेकंद, आयएनपीला (क्लिकला प्रतिसाद मिळायचा वेळ) २०० मिलिसेकंद, सीएलएसला (पेज किती हलतं त्याचं माप) ०.१, आणि हे खऱ्या युजर्सच्या ७५व्या पर्सेंटाईलला बघायचं, म्हणजे शंभरातल्या ७५ भेटींत तरी आकडा याच्या आत हवा. तुमचा एलसीपी आधीच २.१ असेल तर तो १.७ करायला अख्खा स्प्रिंट (टीमच्या कामाचा ठरलेला टप्पा) मागू नका, केवळ लाईटहाऊस या गुगलच्या तपासणी टूलमध्ये १०० आकडा बघायला छान वाटतो म्हणून तर अजिबात नको. पीएम विचारणार याने काय बदलेल, आणि खरं उत्तर आहे की रँकिंगपुरतं बोलायचं तर फारसं काही नाही. तसंच एफएक्यू स्कीमाचं, म्हणजे गुगलच्या रिझल्टमध्ये आपली प्रश्नोत्तरं दिसावीत म्हणून पेजवर घालायचा कोड. सगळ्यांनी हौसेने लावला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने तो प्रश्नोत्तरांचा रिझल्ट नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साईट्सपुरता ठेवला, बाकीच्यांची मेहनत गेली वाया. दुसऱ्याच्या अंगणात बांधकाम करताना हे किती दिवस टिकेल हा प्रश्न पीएम पहिला विचारतो, आपण विचारतच नाही.

टेस्टिंगमध्ये मात्र पीएमची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. ते युजर्सचे दोन गट करतात, अर्ध्यांना हे अर्ध्यांना ते. टायटल बदलून रँकिंग बघायचं असेल तर ते चालत नाही, कारण गुगलबॉट काही दोन गटांत वाटला जात नाही. तिथे पेजेसचे दोन गट करायचे, सारख्या ट्रॅफिकची, सारख्या टेम्प्लेटची.

मराठी साईटवर काम करणाऱ्यांसाठी अजून एक खास. देवनागरी स्लग (युआरएलमधला पेजच्या नावाचा भाग) ठेवला की एकेक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइटचं होतं, म्हणजे नुसता "मराठी" हा शब्द एन्कोड झाल्यावर ४५ कॅरेक्टरचा. ते एक वेळ चालतं, लिंक शेअर करताना भयाण दिसते एवढंच. खरी गंमत "ॲप" लिहिताना आहे, कारण ॲ हे एकच चिन्ह म्हणून टाईप होतं (युनिकोडमध्ये ते २००८ ला आलं) आणि अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांनी पण होतं, डोळ्याला सहसा फरक दिसत नाही, आणि नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची प्रक्रिया) ते एक होत पण नाहीत. म्हणजे दोन लेखकांनी आपापल्या कीबोर्डवरून तोच टॅग दिला की दोन टॅग पेजेस तयार. उपाय स्लग बनवणाऱ्या फंक्शनमध्ये एका ओळीचा आहे. फक्त टिकेटमध्ये दोन्ही रूपं त्यांच्या कोडपॉइंटसकट (युनिकोडमधल्या क्रमांकांसकट) द्या, नाहीतर क्यूएवाला "दोन्ही सेमच दिसतंय" म्हणून टिकेट बंद करून टाकेल.